पहिल्या व्यावसायिक लढतीची घाई नको

सुरतेतल्या लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथल्या मराठी घरांत कुस्ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. अमळनेर, पारोळा, शिरपूर, नंदुरबारकडून लूमच्या कामाला आलेल्या माणसांनी गावच्या यात्रेतली दंगल पाहिलेली असते. कुणाचा बाप, कुणाचा काका निदान नारळाची कुस्ती तरी खेळलेला असतो. त्याच घरातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आता मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती बघतो आणि जेवता जेवता सांगतो, मला एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स, खेळायचंय, लाइटवेटमध्ये. हा लेख त्या मुलासाठी आहे आणि त्याच्या आईवडिलांसाठीही. माझं मुख्य सांगणं एवढंच, की पहिल्या व्यावसायिक लढतीची घाई करू नका. हौशी लढत हरली तर माणूस शिकतो आणि पुढच्या स्पर्धेला उभा राहतो. व्यावसायिक हार मात्र नावापुढे कायमची लागते, आणि जगातला कुठलाही आयोजक ती बसल्या जागी पाहू शकतो.

आधी गट समजून घ्या. लाइटवेट नाव असलं तरी हा गट हलका नाही. कमाल वजन 155 पौंड, म्हणजे 70.3 किलो. खालचा फेदरवेट 65.8 किलोचा आणि वरचा वेल्टरवेट 77.1 किलोचा. आपल्याकडची साडेपाच ते पावणेसहा फुटांची, अंगाने पिळदार मुलं नेमकी याच पट्ट्यात येतात, त्यामुळे इथे गर्दीही फार. सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपमध्ये मात्र लाइटवेटची मर्यादा 77.1 किलो आहे. म्हणून लढतीचा कागद हातात आला की गटाच्या नावावर जाऊ नका, किलो वाचा. व्यावसायिक लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते, विजेतेपदाची पाच फेऱ्यांची. मध्ये एक मिनिट विश्रांती. हातमोजे चार औंसाचे, म्हणजे बॉक्सिंगच्या मोज्यांच्या निम्मे किंवा त्याहून कमी. ठोसा लागतो तो जवळजवळ उघड्या मुठीसारखा.

या गटात भारताने पाहिलेली सर्वांत मोठी मजल उत्तराखंडच्या अंशुल जुबलीची. 2022 साली यूएफसी या अमेरिकी एमएमए कंपनीच्या ‘रोड टू यूएफसी’ स्पर्धेत तो उतरला. पहिल्या लढतीत समोरचा खेळाडू वजनात बसू शकला नाही आणि जुबली न लढताच पुढे गेला. (वजन चुकलं की काय जातं, ते त्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने एकदा विचार करून बघा.) उपांत्य लढतीत त्याने अबूधाबीत कोरियाच्या किम क्यूंग-प्योला विभागून निर्णयावर हरवलं आणि 4 फेब्रुवारी 2023 रोजी लास वेगासमध्ये इंडोनेशियाच्या जेका सारागीला दुसऱ्या फेरीत थांबवून यूएफसीचा करार मिळवला. तोवर सातपैकी सात लढती जिंकलेल्या. त्यानंतर ऑक्टोबर 2023 मध्ये माइक ब्रीडनने त्याला तिसऱ्या फेरीत नॉकआउट केलं, आणि सोळा महिन्यांच्या खंडानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये सिडनीत क्विलन सॉल्किल्डने अवघ्या 19 सेकंदांत. जुबलीचं मोल यामुळे माझ्या लेखी कमी होत नाही. तिथवर पोचायला लागणारी जिद्द फार थोड्यांत असते. पण सात लढती अपराजित हा आकडा आपल्याकडे डोळे दिपवतो आणि यूएफसीच्या लाइटवेटमध्ये ती नुसती प्रवेशपरीक्षा ठरते, हे मुलाच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असलं पाहिजे.

दुसरं नाव आपल्या अधिक जवळचं. भरत खंडारे. कुस्तीतून आलेला मराठी मुलगा, भारतात राहून यूएफसीचा करार मिळवणारा पहिला. 25 नोव्हेंबर 2017 रोजी शांघायमध्ये, लाइटवेटच्या एक पायरी खाली फेदरवेटमध्ये, तो चीनच्या साँग याडोंगशी लढला. साँग तेव्हा 19 वर्षांचा होता. पहिल्याच फेरीत त्याने भरतची मान धरली, गिलोटिनचा फास आवळला आणि लढत संपली. तालमीतून येणाऱ्या प्रत्येक मुलाने ही लढत वस्तादासोबत बसून पाहावी, कारण मान हेच आपल्या कुस्तीगिरांचं उघडं राहणारं दार आहे.

ते का, ते नीट सांगतो. दुहेरी पट काढायला तुम्ही आत शिरता. डोकं खाली जातं, कपाळ समोरच्याच्या बरगडीबाहेर निसटतं. कुस्तीत त्याने फार बिघडत नाही. पाय हाती आले, माणूस पाडला, गुण मिळाले. पिंजऱ्यात नेमक्या त्याच क्षणी समोरच्याचा हात तुमच्या गळ्याखालून फिरतो, मनगटाचं हाड हनुवटीखाली रुततं, आणि तो आपणहून पाठीवर पडत दोन्ही पायांनी तुमची कंबर कवटाळतो. तुमचा पट लागलेला असतो. तुम्ही वर, तो खाली. कुस्तीच्या हिशोबाने तुम्ही जिंकत आहात आणि दहाएक सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते. यावरचा उपाय पट सोडण्यात नाही. डोकं वर, कान त्याच्या छातीला चिकटलेला, नजर समोर, पाठ ताठ ठेवून आत शिरायचं. तरी मान सापडलीच तर पहिल्यांदा त्याचं मनगट दोन्ही हातांनी ओढून श्वासापुरती जागा करायची, मग एक हात त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाकायचा, खांदा त्याच्या गळ्यात रेटायचा आणि डोकं ज्या बगलेत अडकलंय त्याच्या उलट बाजूला आपलं अंग न्यायचं. हे ऐकून येत नाही. शेकडो वेळा, दमलेल्या अंगाने, घामाने निसरड्या झालेल्या मॅटवर करावं लागतं.

दुसरी सवय याहून खोल मुरलेली असते. चीत होऊ नये म्हणून पैलवान पोटावर पालथा पडतो. लहानपणापासून वस्तादाने तेच शिकवलेलं, आणि कुस्तीत ते बरोबरच. पिंजऱ्यात पालथं पडणं म्हणजे पाठ देणं. समोरचा पाठीवर स्वार होतो, दोन्ही टाचा मांड्यांत अडकवतो आणि मागून गळा आवळतो. उलट इथे पाठ जमिनीला टेकली म्हणून कुणी हरत नाही. पाठीवर पडून दोन पायांच्या मध्ये माणूस अडवणं, तिथून हात किंवा गळा धरणं, हा ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा पायाच आहे. पैलवानाला ते शिकताना सुरुवातीला लाज वाटते. ती लाज जायला माझ्या मते दोन वर्षं लागतात, आणि त्याआधी व्यावसायिक लढत घेणं म्हणजे अर्धवट शिकलेल्याने परीक्षेला बसणं. शिवाय कुस्तीची वाकलेली ठेवण, हात खाली, वजन पुढच्या पायावर. अशा माणसाच्या पोटरीवर लाथा बसतात आणि वाकलेल्या तोंडावर गुडघा. त्यासाठी बॉक्सिंग आणि लाथांचं शिक्षण वेगळं घ्यावंच लागतं.

एवढं सांगूनही कुस्ती ही आपली पुंजी आहे हे मी ठामपणे म्हणतो. लढत उभ्याने चालावी की जमिनीवर, हे ठरवण्याची ताकद कुस्तीगिराच्या हातात असते. लाइटवेटचा विजेता म्हणून 2020 मध्ये निवृत्त झालेला दागेस्तानचा खबीब नुरमागोमेडोव 29 लढतींत एकदाही हरला नाही. त्याचा पाया कुस्ती आणि सांबो या रशियन कुस्तीप्रकाराचा. त्यामुळे तालीम सोडून थेट एमएमएच्या क्लासला जाण्यापेक्षा तालीम चालू ठेवा, फक्त मातीबरोबर मॅटवरची कुस्ती करा. गुजरात सरकारच्या खेल महाकुंभात कुस्ती आणि ज्युदो दोन्ही आहेत. तिथे उतरा. स्पर्धेच्या दिवशीची भीती, वजन देणं, अनोळखी माणसाच्या हाताला हात लावणं, हे सगळं तिथे फारसा खर्च न करता शिकता येतं.

सुरतेत शिकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. एमएमए ही पाटी लावणारे क्लास वाढले आहेत, त्यातले काही कालपर्यंत फक्त कराटे शिकवत होते. फी भरण्याआधी एक अख्खा तास बाकावर बसून बघा. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा मॅटकडे लक्ष द्या. पहिल्या आठवड्यातल्या पोराला जुन्यांसमोर जोरात मार खायला उभं करत असतील तर उठून चालते व्हा. कुणी हात आपटून हार मानली की पकड तत्क्षणी सुटते का, ते पाहा. जिऊ-जित्सू शिकवणाऱ्याला कोणता पट्टा आहे आणि तो कुणी दिला, हे विचारायला संकोच करू नका. काळा पट्टा मिळायला साधारण दहा वर्षं लागतात आणि खरा शिक्षक आपल्या गुरूचं नाव अभिमानाने सांगतो. मॅट रोज पुसतात का, हेही विचारा. सुरतेच्या दमट हवेत गजकर्ण एकाला झालं की महिन्याभरात सगळ्या वर्गाला होतं, आणि अंगावर चट्टा दिसला तर स्पर्धेतले डॉक्टर लढू देत नाहीत.

एखाद्या क्लासमध्ये सगळंच चांगलं मिळेल अशी आशा धरू नका. कुस्ती तालमीत, बॉक्सिंग एकीकडे, जमिनीवरचं काम तिसरीकडे, असंच सुरुवातीला करावं लागेल. पहिली दोन-तीन वर्षं सुरतेत राहून हे जमतं. पुढे तुमच्या वजनाचे, तुमच्याहून सरस असे चार-पाच साथीदार रोज लागतात, आणि ते मुंबई, दिल्ली, बंगळुरू अशा ठिकाणी भेटतात. मुंबई गाडीने चार-साडेचार तासांवर. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार तिथे जाऊन सराव करून येणं हा मला चांगला मधला मार्ग वाटतो. घर न सोडता आपली पातळी कळते.

लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करून हा खेळ होत नाही. हे कठोर वाटेल, पण पोरांना खोटी आशा दाखवणं त्याहून वाईट. आठवड्याला दिवसपाळी-रातपाळी बदलली की झोप मोडते, आणि झोप मोडली की दुखापत भरत नाही. रिंगरोडच्या मार्केटातलं दुकानातलं काम, जिममधलं शिकवण्याचं काम, निदान कायम दिवसपाळी, असं काहीतरी शोधा. मालकाकडून उचल घेऊन लढतीची तयारी करू नका. ती फेडायला दुखापतीतही पाळी करावी लागते.

मग हौशी लढती. आंतरराष्ट्रीय एमएमए महासंघाच्या, म्हणजे आयएमएमएएफच्या, नियमांत हौशी लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते, नडगीला पॅड बांधावे लागतात आणि कोपराचे फटके वर्ज्य असतात. चेहरा फाटत नाही, डोकं त्या मानाने वाचतं, आणि अनुभव मात्र खराखुरा मिळतो. किमान आठ-दहा हौशी लढती खेळा, आणि त्यांत एक तरी तुमच्याहून चांगला कुस्तीगीर, एक लाथा-ठोशांत तरबेज आणि एक जमिनीवर पकडीत वाकबगार असा प्रतिस्पर्धी येऊ द्या. सोपे सामने वेचून जिंकलेला मुलगा पहिल्या कठीण सामन्यात उघडा पडतो. हौशी खेळाला आता स्वतःची उंचीही आली आहे. 2026 च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धांत एमएमएला पदकाच्या खेळाची जागा मिळाली. हौशी राहणं म्हणजे मागे पडणं, असं समजण्याचं कारण उरलेलं नाही. मुलींच्या घरच्यांनीही हे वाचावं. यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला मुझफ्फरनगर जिल्ह्यातली पूजा तोमर, जून 2024 मध्ये.

वजनाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण वजन उतरवण्याच्या नादात मुलं पिंजऱ्याबाहेर जीव गमावतात. डिसेंबर 2015 मध्ये यांग जियान बिंग हा 21 वर्षांचा चिनी खेळाडू मनिलात लढतीआधी वजन उतरवताना कोसळला आणि गेला. त्यानंतर वन चॅम्पियनशिपने अंगातलं पाणी काढून वजन कमी करण्यावर बंदी घातली आणि वजनाबरोबर लघवीची चाचणी सुरू केली. बाकी बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी वजन घेतात आणि तिथे हा धोका कायम आहे. माझा नियम सोपा आहे. 70.3 किलोला लढायचं असेल तर एरवीचं वजन 76 च्या वर जाऊ देऊ नका. लढत ठरल्यावर आठ आठवड्यांत खाण्यातून हळूहळू 72 वर या, शेवटचा दीड-दोन किलोच पाण्याचा राहू द्या. 82 किलोच्या मुलाने लाइटवेटचा हट्ट धरू नये, त्याने 77 ला लढावं.

खाण्यात फार नवलाईची गरज नसते. भाकरी ठेवा, कळण्याची असेल तर उत्तमच. तर्री आणि शेवभाजीवरचं तेल कमी करा, डाळ, अंडी, पनीर किंवा चिकन वाढवा. तालमीतला तूप-बदामाचा खुराक जड गटाच्या पैलवानासाठी बांधलेला आहे. लाइटवेटला तो तसाच चालत नाही. प्लास्टिकचा सूट घालून मे महिन्यात धावणं, डाइंग मिलच्या वाफेच्या खोलीत बसणं, हे प्रकार मुलं एकमेकांचं पाहून करतात. करू नका, आणि एकट्याने तर कधीच नाही. लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, मेडिकलवरून आणून घेणारेही असतात. तिने शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. शिवाय ती उत्तेजकविरोधी यादीत बंद आहे, सापडलात तर बंदी. जिमवाल्याने दिलेल्या बिनलेबलच्या पावडरीचंही तेच. आत काय होतं हे मला माहीत नव्हतं, ही सबब तिथे चालत नाही.

डोक्याची काळजी दुसऱ्या कुणावर सोपवू नका. सरावात डोक्यावर पूर्ण जोराचे फटके आठवड्यातून एकदासुद्धा जास्तच. नॉकआउट झालं, किंवा फटका लागल्यावर उलटी, चक्कर, विसरायला होणं असं काही दिसलं, तर त्या दिवशी दवाखाना आणि पुढे डॉक्टरांनी सोडेपर्यंत फटक्यांचा सराव बंद. परदेशातले क्रीडा आयोग नॉकआउटनंतर साधारण 30 ते 90 दिवस लढायला मनाई करतात. इथल्या छोट्या स्पर्धेत असं कुणी अडवणारं नसेल, तर आईवडिलांनी अडवावं. त्यांना तो अधिकार आहे, आणि मुलाने तो मानावा.

आता पैसा. सुरुवातीच्या व्यावसायिक लढतींचं मानधन प्रवास, खुराक आणि तपासण्यांत जातं, असंच धरून चाला. यूएफसीच्या पहिल्या कराराचा आकडा साधारण 10 ते 12 हजार डॉलर हजेरीचे आणि तेवढेच जिंकल्याचे, असा वर्षानुवर्षं छापून येत आहे. ऐकायला मोठा, पण त्यातून व्यवस्थापक, प्रशिक्षक, कर वजा होतात, आणि वर्षात लढती होतात दोन, फार तर तीन. दुखापत झाली तर एकही नाही.

म्हणून सही करण्याआधी करार वकिलाकडून वाचून घ्या. सुरतेत व्यापाराचे करार वाचणारे वकील गल्लोगल्ली आहेत. किती लढती, किती महिन्यांत, आयोजकाने लढत दिलीच नाही तर काय, या मुदतीत दुसरीकडे लढता येईल का, लढतीतल्या दुखापतीचा दवाखाना कोण भरणार आणि किती रकमेपर्यंत, हे कागदावर असलं पाहिजे. तोंडी ‘बघून घेऊ भाऊ’ चालत नाही. स्वतःची अपघात विमा पॉलिसी असेल तर तीही वाचा. बऱ्याच पॉलिसींत व्यावसायिक किंवा धोकादायक खेळातली दुखापत वगळलेली असते. करार संपल्यानंतरही आधी आम्हालाच विचारायचं, असं कलम दिसलं तर घाबरू नका. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानवर एका कंपनीने असंच कलम लादू पाहिलं होतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दिलासा नाकारला, कारण करारानंतरची अशी अडवणूक भारतीय करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. करार चालू असतानाची बंधनं मात्र टिकतात, म्हणून मुदत छोटी ठेवा.

शेवटी नोकरी. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी 2014 ते 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलिसांत उपअधीक्षक झाला. खानदेशातल्या प्रत्येक पैलवानाच्या बापाच्या डोळ्यांपुढे तो आहे, आणि असावाच. सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्यात कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, वुशू चालतात. एमएमए तिथे चालत नाही. त्यामुळे एमएमएची कितीही ओढ असली तरी राज्य पातळीवरचं कुस्तीचं किंवा ज्युदोचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्या खेळांच्या स्पर्धा सोडू नका. बारावी आणि त्यापुढचं शिक्षण चालू ठेवा, बाहेरून का होईना. पासपोर्ट अठराव्या वर्षीच काढा, कारण परदेशातल्या लढती अनेकदा ऐनवेळी येतात. रक्ताच्या तपासण्यांचे, डोळ्यांचे, एमआरआयचे अहवाल एका फायलीत तारखेनुसार लावा, आणि प्रत्येक हौशी लढतीचा निकाल, वजन, प्रतिस्पर्धी आणि जमल्यास व्हिडिओ त्याच फायलीबरोबर जपा. व्यावसायिक लढतीचा फोन येईल तेव्हा ती फाईल प्रशिक्षकापुढे ठेवून विचारा, की हा पोरगा पंधरा मिनिटं टिकेल का. तो क्षणभर जरी अडखळला, तर त्या आयोजकाला पुढच्या वर्षी फोन करायला सांगा.